घरातला बॉगर्ट: नवख्या गेम मास्टरने त्याला टेबलावर कसे आणावे

फासे, कागद आणि पेन्सिल घेऊन टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनारम्य खेळांत नवखा गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, पहिल्या संध्याकाळी बहुधा गॉब्लिन, म्हणजे लहानसे दुष्ट राक्षस, आणतो. गॉब्लिन येतात, मारले जातात, खेळाडू त्यांचे खिसे तपासतात आणि तासाभरात पुढे काय, हा प्रश्न उभा राहतो. बॉगर्ट हा इंग्लंडच्या लोककथांतला घरगुती खोडकर प्राणी एकटाच एका घरात दोन-तीन संध्याकाळी पुरतो, त्याला नकाशा लागत नाही आणि त्याच्याजवळ लुटण्यासारखे काही नसते. मात्र तो तलवारीने संपवायचा राक्षस नाही, हे आधी स्वतःला पटलेले असावे. ते पटले नसेल तर सरळ गॉब्लिनच आणावेत.

पुढचे आकडे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांना धरून आहेत. तुमच्या टेबलावर दुसरा खेळ असेल तर आकडे बदलावेत. बाकीचे सगळे तसेच चालेल.

पहिली पायरी: प्राणी ओळखणे

बॉगर्ट इंग्लंडच्या उत्तरेचा, मुख्यतः लँकेशायर आणि यॉर्कशायरचा. मँचेस्टरच्या ब्लॅकली भागात ‘बॉगर्ट होल क्लफ’ नावाची दाट झाडीची घळ आहे, आणि ती आज सार्वजनिक उद्यान आहे. लँकेशायरच्या जुन्या बोलीत हा शब्द फार सैल होता. भूत, रस्त्यावर आडवी येणारी काळी आकृती, ओसाड वाड्यातला आवाज, जे जे भीतिदायक ते बॉगर्ट. घोडा रस्त्यात विनाकारण बुजला की त्याला बॉगर्ट दिसला, असे म्हणत. आपल्याला हवा आहे तो त्यातला घरगुती बॉगर्ट: एका कुटुंबाच्या मागे लागलेला, सहसा न दिसणारा, खोडकर, क्वचित दुष्ट.

त्याचा एक सज्जन भाऊ आहे, त्याला स्कॉटलंडमध्ये ब्राउनी आणि यॉर्कशायरमध्ये हॉब म्हणतात. तो रात्री मळणी करतो, भांडी घासतो, गुरांचे पाहतो आणि मोबदल्यात चुलीपाशी ठेवलेली वाटीभर साय किंवा पेज तेवढी घेतो. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर रन्सविक बे येथे हॉबची गुहा होती, आणि डांग्या खोकला झालेल्या मुलाला घेऊन आया तिथे जात व ‘माझ्या बाळाचा खोकला घे’ असे हॉबला विनवत. ब्राउनी दुखावला की त्याचा बॉगर्ट होतो, असे लोककथांचे अभ्यासक सांगतात, आणि गेम मास्टरच्या दृष्टीने सगळ्या साहसाचे बीज या एका वाक्यात आहे. तुमच्या राक्षसाला पूर्वायुष्य आहे. तो या घरात आधी राबत होता.

खेळांनी या प्राण्याशी फारसा न्याय केलेला नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७७ साली छापलेल्या राक्षससंग्रहात ब्राउनी आहे, आणि १९८३च्या दुसऱ्या संग्रहात बॉगर्ट आला तो दलदलीवर लुकलुकणाऱ्या दिव्याचे, म्हणजे विल-ओ-विस्पचे, पोर म्हणून. घराशी त्याचा संबंधच उरला नाही. २००७ साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाने लॉरविन या जगातल्या गॉब्लिनांना बॉगर्ट हे नाव दिले. पाचव्या आवृत्तीत २०१६ साली आलेला बॉगल त्यातल्या त्यात जवळचा आहे: एकटेपणातून जन्मणारा, अंगातून तेल पाझरणारा, लहानसा खोडकर. तरीही घराच्या अपराधाचा हिशेब ठेवणारा बॉगर्ट तयार मिळत नाही, तो घडवावाच लागतो.

इथे एक खबरदारी. मराठी खेळाडूंसमोर बॉगर्ट आणला की कोणीतरी ‘म्हणजे मुंजाच की’ असे म्हणतो. मुंजा पिंपळावरचा, अकाली गेलेल्या मुलाचा आत्मा आहे. बॉगर्ट मेलेल्या माणसाचा आत्मा असावाच लागतो असे नाही, आणि त्याला चूल, जिना, कोठार लागते. कोकणातल्या राखणदाराशी तुलना जास्त उपयोगाची, पण ती उलट्या अर्थाने: राखणदाराला वर्षाकाठी राखण दिली की तो प्रसन्न राहतो, तर ब्राउनीला नको ती भेट दिली की तो घर सोडतो. माझ्या टेबलावर खेळाडूंनी पहिल्याच रात्री उंबऱ्यावर नारळाच्या जागी चालेल म्हणून एक चांदीचे नाणे ठेवले. ते नाणे मध्यरात्री त्यांच्याच गटातल्या पुजारी पात्राच्या पेजेत पडले.

दुसरी पायरी: घर आणि अपराध ठरवणे

गावाबाहेरचे एक शेतघर घ्यावे. पाच-सहा माणसे, एक धान्याचे कोठार, एक गोठा, लाकडी जिना आणि त्या जिन्याखाली फळ्यांची भिंत, इतके पुरे. त्यानंतर, खेळाडू येण्यापूर्वीच, एक वाक्य कागदावर लिहून ठेवावे: या घराने त्याचे नेमके काय बिघडवले? हे वाक्य न लिहिता खेळ सुरू केला तर बॉगर्ट नुसता गोंगाट करतो आणि खेळाडूंना शोधायला काही उरत नाही.

लोककथांत या वाक्याची उत्तम उदाहरणे आहेत. ग्लेझडेल या यॉर्कशायरच्या खोऱ्यात हार्ट हॉल नावाच्या शेतावर एक हॉब होता. गवताने भरलेल्या गाडीचे चाक दगडांत अडकले आणि माणसांनी जोर लावूनही निघेना, तेव्हा रात्रीत हॉबने गाडी सोडवून कोठारापर्यंत आणली. चोरून पाहणाऱ्यांना तो उघडा दिसला, म्हणून त्यांनी दयेने त्याच्यासाठी एक सदरा शिवला, पण कापड निवडले जाडेभरडे तागाचे. हॉबने सदरा उचलला, असल्या तरटासाठी आपण यापुढे मळणी करणार नाही अशा अर्थाच्या दोन ओळी म्हटल्या आणि तो गेला. डॅन्बी गावचे धर्मोपदेशक जे. सी. अ‍ॅटकिन्सन यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत ही कथा नोंदवली आहे. स्कॉटलंडमध्ये मॉफटजवळच्या बॉड्सबेक येथील ब्राउनीची गत अशीच: शेतकऱ्याने सुगीनंतर त्याच्यासाठी दूधपाव ठेवून त्याला हाक मारली, तेव्हा बॉड्सबेकचे सगळे भाग्य बरोबर घेऊन तो लीथनहॉलला चालता झाला.

दोन्ही कथांत माणसांचा हेतू वाईट नव्हता, हे लक्षात घ्यावे. म्हणून अपराध क्रूर नसावा, ओळखीचा असावा. नव्या सुनेने रात्रीची साय चुलीपाशी ठेवणे बंद केले, कारण ती मांजर खाते असे तिला वाटले. शेतकऱ्याने सुगी बरी झाली म्हणून मळणीला मजूर लावले. नातवंडांनी कोठारातले त्याचे गवताचे अंथरूण जाळले. यातले एक पुरे. दोन घेतले तर खेळाडू पहिले शोधून थांबतात आणि दुसरे सांगण्यासाठी गेम मास्टरला कारण नसताना बोलत राहावे लागते.

तिसरी पायरी: आकडे

माझा बॉगर्ट लहान आकाराचा, फे, म्हणजे परीलोकातले प्राणी, या वर्गातला आहे. वर्ग फे ठेवणे महत्त्वाचे, कारण याच खेळातला पोल्टरगाइस्ट मृतात्म्यांत मोडतो, आणि बॉगर्टलाही तिथे बसवले की पुजारी मृतात्म्यांना पळवणारी विद्या वापरून पहिल्याच रात्री खेळ संपवतो. फे प्राण्यावर ती चालत नाही. उलट, चांगले-वाईट ओळखण्याचा मंत्र तीस फुटांच्या आतला फे दाखवतो, म्हणजे पुजारी अगदीच रिकाम्या हाताने बसत नाही.

आर्मर क्लास, म्हणजे त्याला घाव लागायला फाशात गाठायचा आकडा, १३. हिट पॉइंट्स, म्हणजे तो किती इजा सोसतो, २२; ही ५डी६ अधिक ५ (सहा बाजूंचे पाच फासे आणि वर पाच) यांची सरासरी. वेग ३० फूट. स्ट्रेंग्थ (ताकद) ६, डेक्सटेरिटी (चपळाई) १६, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १२, इंटेलिजन्स १०, विझ्डम ११, करिझ्मा १४. लपण्यासाठी अधिक ७. तो हवे तेव्हा अदृश्य होतो आणि इंचभर रुंदीच्या कोणत्याही भोकातून पार जातो. भांडी फेकणे ही त्याची नेहमीची कृती: तीस फुटांच्या आतल्या एकाने १२ विरुद्ध डेक्सटेरिटी सेव्ह करावा, म्हणजे फासा टाकून त्यात चपळाईचा गुण मिळवून १२ गाठावेत; चुकल्यास १डी६ इजा. यात तो अदृश्यच राहतो. चिमटा काढायला मात्र त्याला जवळ यावे लागते. त्यासाठी फाशात अधिक ५, इजा १डी४ अधिक ३, आणि चिमटा काढला की पुढच्या पाळीपर्यंत तो सर्वांना दिसतो. म्हणून त्याने रागाच्या भरातच चिमटा काढावा, आणि त्याला राग आणणे हे खेळाडूंचे काम.

लोखंडाबद्दल नवख्याची चूक ठरलेली आहे, आणि मीही ती केली. उंबऱ्यावर घोड्याचा नाल ठोकला की असले प्राणी आत येत नाहीत, हा ब्रिटनभरचा समज, म्हणून मी बॉगर्टला लोखंडाने दुप्पट इजा लावली. खेळाडूंची प्रत्येक तलवार लोखंडाचीच असते, हे माझ्या ध्यानात दोन फेऱ्यांनंतर आले; तोवर तो मेला होता. आता माझा नियम इतकाच आहे की ज्या दारावर नाल ठोकला आहे ते दार बॉगर्टला ओलांडता येत नाही. तो आत असताना नाल ठोकला तर तो आत अडकतो, आणि हे खेळाडूंना स्वतःच्या अनुभवाने कळू द्यावे.

चॅलेंज रेटिंग, म्हणजे प्राणी किती अवघड याचे माप, अर्धे धरावे, म्हणजे १०० अनुभवगुण. पहिल्या पातळीच्या चार पात्रांसाठी हा सामना नियमांच्या तक्त्यानुसार सोपा ठरतो. ठरू द्यावा, कारण खरी अडचण झुंजीत नाही.

चौथी पायरी: रात्री रचणे

अडचण झोपेत आहे. बॉगर्टचे खरे हत्यार म्हणजे खेळाडूंचा लाँग रेस्ट, म्हणजे रात्रभराची विश्रांती, मोडणे. नियमांनुसार आठ तासांच्या विश्रांतीत तासभर चालणे, लढणे किंवा मंत्र टाकणे असे काही झाले तरच ती मोडते. एकदा कढई पडली म्हणून मोडत नाही. तेव्हा या घरापुरता एक नियम करून तो खेळ सुरू होतानाच मोकळेपणाने सांगावा: या छपराखाली रात्र काढणाऱ्या प्रत्येकाने सकाळी १० विरुद्ध कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करावा, चुकल्यास विश्रांतीचा लाभ नाही आणि थकव्याची एक पायरी वाढते. पहिल्या पायरीला कौशल्याचे सगळे फासे प्रतिकूल होतात (दोनदा टाकून कमी आकडा घ्यायचा), तिसरीला हल्ले आणि सेव्ह देखील. तिसऱ्या पायरीच्या पलीकडे नेऊ नये. सहाव्या पायरीला पात्र मरते आणि खोडकर प्राण्याने झोप मोडून माणूस मारावा, हे कोणालाच पटत नाही.

पहिल्या रात्री खोड्या हसण्यासारख्या असाव्यात. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात छापल्या गेलेल्या यॉर्कशायरच्या बॉगर्टच्या कथेत त्या तयार सापडतात: मुलाच्या हातातला लोणी लावलेला पाव अदृश्य हाताने ओढला जातो, दुधाचा वाडगा जमिनीवर आपटतो, पलंगाचे पडदे मागेपुढे हलतात, झोपलेल्या माणसाच्या छातीवर जड ओझे येऊन बसते. दुसऱ्या रात्री खोडी खेळाडूंच्या सामानाकडे वळवावी. धनुर्धारीचे बाण मोडू नयेत. ते सगळे पिसांच्या रंगानुसार लावून ठेवलेले सापडावेत. हा तपशील मी संडरलंडजवळच्या हिल्टन किल्ल्यातल्या ‘कोल्ड लॅड’ नावाच्या घरभुताकडून उचलला. तो स्वयंपाकघर आवरलेले दिसले की विस्कटून टाकी आणि विस्कटलेले दिसले की आवरून ठेवी, त्यामुळे नोकरमंडळी रात्री मुद्दाम पसारा करून झोपत. तुमच्या खेळाडूंपैकी कोणाला ही युक्ती सुचली, तर त्या रात्रीचा सेव्ह माफ करावा.

तिसऱ्या रात्री घरातल्या कोणाला तरी खरोखर इजा व्हावी, भाजल्याची किंवा जिन्यावरून पडल्याची. आतापर्यंत हसणारे खेळाडू इथे गंभीर होतात. चौथी रात्र ठेवू नये.

पाचवी पायरी: मुलांना साक्षीदार करणे

त्याच यॉर्कशायरच्या कथेत एक प्रसंग आहे, तो जसाच्या तसा वापरावा. जिन्याखालच्या फळीत लाकडाची गाठ निखळून भोक पडलेले होते. सर्वांत धाकट्या मुलाने एक दिवस खेळता खेळता बूट चढवायचे शिंग त्या भोकात खुपसले. शिंग आतून सुटून त्याच्याच डोक्यावर आदळले. मुलाने रडण्याऐवजी ते पुन्हा खुपसले, ते पुन्हा आले, आणि मग बॉगर्टशी खेळणे हा घरातल्या मुलांचा रोजचा उद्योग झाला.

खेळाच्या दृष्टीने हे भोक म्हणजे दार आहे. मोठी माणसे खेळाडूंना काय सांगतील? शेतकरी अपराध लपवील, सून रडेल, आजी सगळे वाढवून सांगेल. मुलगा मात्र विचारल्याबरोबर खेळाडूचा हात धरून जिन्याखाली नेईल आणि शिंग पुढे करील. एखाद्या खेळाडूने शिंगाऐवजी दुसरे काही आत सरकवले, तर काय परत येते ते अपराधाशी जोडलेले असावे. पावाचा तुकडा सरकवला तर तो चिरडून बाहेर यावा. सायीने भरलेला चमचा सरकवला तर बराच वेळ काहीच न घडता शेवटी चमचा रिकामा, चाटूनपुसून, हळूच बाहेर ठेवला जावा. माझ्या अनुभवात टेबलावर खरी शांतता पसरते ती या क्षणी.

सहावी पायरी: सुटकेचे मार्ग आधी ठरवणे

तलवार सोडून निदान तीन मार्ग उघडे ठेवावेत. पहिला, अपराधाची भरपाई: साय पुन्हा रोज ठेवणे, अंथरूण नवे करणे, क्षमा मागणे. हे घरातल्या माणसांनी करायचे असते. खेळाडूंनी त्यांना तयार करायचे असते आणि तिथे बोलण्याची कौशल्ये कामी येतात. दुसरा, कपडे देऊन मुक्त करणे. हिल्टनच्या पोराला हिरवा झगा आणि टोपी दिल्यावर तो आनंदाने घालून कायमचा गेला, आणि हार्ट हॉलचा हॉब कापड हलक्या प्रतीचे निघाले म्हणून गेला. तेव्हा खेळाडूंनी कोणते कापड निवडले यावर तो भाग्य ठेवून जातो की बरोबर घेऊन जातो, हे ठरवावे. तिसरा मार्ग बंधनाचा. लँकेशायरमध्ये रिब्चेस्टरजवळच्या हॉथर्सल हॉलचा बॉगर्ट घराशेजारच्या एका मोठ्या लॉरेल झाडाच्या मुळाशी बांधून ठेवला आहे, जोवर झाड आहे तोवर तो त्रास देऊ शकत नाही, आणि झाड टिकावे म्हणून प्रसंगी मुळांना दूध घालावे लागते, असे तिथले लोक सांगत. खेळाडूंनी हा मार्ग घेतला तर त्या झाडाची नोंद वहीत ठेवावी. वर्षभराने ते सुकू लागल्याचा निरोप आला की नवे साहस आयते मिळते.

मंत्रांचा विचारही आधीच करून ठेवावा. फेअरी फायर अदृश्य प्राण्याला उजळवते, ते चालू द्यावे. पिठाची पिशवी उधळली तरी तेच फळ द्यावे. झोपेच्या मंत्राचे मात्र गणित पाहण्यासारखे आहे. तो ५डी८ टाकून तितक्या हिट पॉइंट्सपुरते प्राणी झोपवतो, सरासरी साडेबावीस, आणि बॉगर्टचे २२. आमच्या जादूगाराने हे मनात जुळवले आणि स्वयंपाकघराच्या मधोमध मंत्र टाकला. फासे २१ आले. पण हा मंत्र सर्वांत कमी हिट पॉइंट्स असलेल्यापासून सुरू होतो, आणि साध्या माणसाचे चारच असतात. शेतकरी, त्याची बायको, आजी, सून आणि मुलगा असे पाच जण एकापाठोपाठ एक जमिनीवर आडवे झाले, वीस खर्ची पडले आणि उरलेल्या एकात बॉगर्ट झोपणे शक्यच नव्हते. फळीमागून हसण्याचा आवाज आला. जादूगार खेळणारा मुलगा त्यानंतर नियम वाचून येऊ लागला.

बॉगर्ट मारला काय, समजावला काय किंवा बांधला काय, अनुभवगुण तेवढेच द्यावेत, आणि हेही सुरुवातीला सांगून टाकावे. नाहीतर नवखे खेळाडू गुणांसाठी तलवार उपसतात. मारलाच, तर त्याच्याबरोबर घराचे भाग्य गेले असे धरून पुढच्या वेळी त्या शेतावर ओस पडलेला गोठा दाखवावा.

एक शक्यता राहते, आणि थकलेले खेळाडू तिकडे हमखास वळतात: घरच सोडायचे. कुटुंबाला पटवून सामान गाडीवर लादले जाते, निघण्याची घाई होते, आणि बॉगर्ट मागे राहिला असे सगळे धरून चालतात. यॉर्कशायरच्या शेतकऱ्यानेही तेच केले होते. गाडी रस्त्याला लागल्यावर शेजारी भेटला आणि त्याने विचारले, अखेर घर सोडलेत तर? शेतकरी उत्तर देणार इतक्यात गाडीवरच्या लोणी काढायच्या लाकडी पिंपातून आवाज आला, ‘होय, आम्ही निघालो आहोत, पाहताय ना.’ शेतकऱ्याने गाडी वळवली. छळच व्हायचा तर तो नव्या घरापेक्षा सवयीच्या जुन्या घरात झालेला बरा, असे त्याचे म्हणणे पडले. म्हणून सामान लादताना कोणकोणती वस्तू गाडीवर चढली याची यादी खेळाडूंकडूनच मोठ्याने वदवून घ्यावी, आणि त्यांनी पिंपाचे नाव घेतले की काही न बोलता तेवढ्या शब्दाखाली पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवावी.